अंगठ्यावरचा बुक्का

"एकही सुटला नाही?"

"एकही नाही, महाराज."

"नक्की?"

"दोनशे चौदा माणसं. सेवेकरी, आचारी, गोठ्यावरचे गडी, दर्शनाला आलेली मंडळी... आज मठात जो जो होता, त्याच्या अंगावरचा एकूण एक काळा डाग या यंत्रात आहे."

 गंगाधरबुवांनी शालीखालचे पाय जरा पुढं सरकवले आणि परत मागं घेतले.

दुपारचे चार वाजले असतील. चिंचखोरीच्या मठात त्वचा तपासणीचं शिबिर नुकतंच संपलं होतं. भोजनशाळेत लोक पुऱ्या खात होते. बुवा गादीवर बसले होते. वय एक्काहत्तर, त्यातली एकतीस वर्षं याच गादीवर. समोर सतरंजीवर डॉक्टर हेमंत कानडखेडकर बसले होते. लातूरला त्यांचा कातडीच्या रोगांचा दवाखाना आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी बुवांचा अनुग्रह घेतला, आणि तेव्हापासून एक गुरुवार चुकवला नाही.

मी शिबिरात नावं लिहायला होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मठातली असली कामं माझ्याच गळ्यात पडतात. म्हणून हे बोलणं माझ्या कानांवर पडलं. नाहीतर गुरुशिष्यांच्या मधे बसायची माझी काय लायकी.

"यंत्र दाखव," बुवा म्हणाले.

डॉक्टरांनी पेटी उघडली. मोबाईलच्या पाठीला बसवलेलं एक जाडसर भिंग, भोवती बारीक दिव्यांचं कडं. एवढंसंच होतं ते. सकाळपासून वाकून वाकून डॉक्टरांची पाठ धरली होती, तरी यंत्र हातात आलं तशी त्यांची मान ताठ झाली.

"डागावर तेलाचा थेंब टाकायचा, भिंग टेकवायचं, फोटो घ्यायचा. कातडीच्या आतलं दिसतं, महाराज. डोळ्याला दिसतो नुसता डाग. यात त्याची वीण दिसते. पुढच्या वर्षी त्याच डागाचा परत फोटो. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे. केसाएवढा फरक पडला तरी यंत्र बोट ठेवतं. वर शंभरपैकी आकडाही देतं, धोका किती म्हणून."

"आकडा खरा असतो?"

"माझ्यापेक्षा कमी चुकतो."

हे त्यांनी हसून सांगितलं. डॉक्टरांना गर्व होता, नाही म्हणत नाही. पण तो फुकटचा नव्हता. गेल्या वर्षी याच शिबिरात भीमाबाईंच्या पाठीवरचा डाग त्यांनी हेरला होता. घरात कुणाला तो दिसला नव्हता. भीमाबाई आता भोजनशाळेत पुऱ्या तळत होत्या.

"आणि तळपायाचं कसं ओळखतोस?"

बुवांनी हे इतक्या सहज विचारलं, की मला त्यात काही वाटलं नाही. डॉक्टरांनाही वाटलं नाही.

"तळपायाचं सोपं असतं. तिथल्या कातडीवर रेघा असतात ना, ते शेतातल्या सरी-वरंब्यासारखं आहे. काळेपणा सरीत साचला असेल, तर घाबरायचं कारण नाही. वरंब्यावर चढला असेल..."

"तर?"

"तर वेळ घालवायचा नाही. आपल्याकडं हा कातडीचा कॅन्सर तसा कमीच. पण होतो तेव्हा बहुतेक तळपायाला, तळहाताला, नाहीतर नखाखाली. जिथं कुणी बघत नाही तिथं."

"तू बघतोस?"

"मी आधी तळपायच बघतो. आज चप्पल काढल्याशिवाय एकाला पुढं येऊ दिलं नाही."

"हं..."

बुवांनी माझ्याकडं हात केला.

"मास्तर, यादी द्या."

मी वही दिली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या नावापासून वाचायला लागले. बोट एकेका नावावरून खाली सरकत होतं. दोनशे चौदा नावं वाचायला वेळ लागतो. डॉक्टर बसून राहिले. मीही.

शेवटी त्यांनी वही मिटली.

"यात मी नाही."

डॉक्टर हसले. "आपलं नाव कसं असेल, महाराज!"

"मी आज मठात नव्हतो?"

"होतात की. पण..."

"मला कातडी नाही?"

"तसं नाही. आपल्या पायाला भिंग लावायचं म्हणजे..."

"म्हणजे?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.  यादी मीच लिहिली होती. गोठ्यातला शेण काढणारा गडी मला आठवला होता. रात्रपाळीचा राखणदार आठवला होता, त्याला मी झोपेतून उठवून आणला होता. महाराज आठवले नव्हते. ते माणसांत मोजायचे असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

बुवांनी शाल बाजूला केली आणि उजवा पाय चौरंगावर ठेवला.

डॉक्टरांनी सवयीनं हात जोडले, डोळे मिटले आणि कपाळ पुढं नेलं.

"डोकं नको," बुवा म्हणाले. "भिंग."

डॉक्टर ओशाळले. यंत्र घेऊन पुढं झाले.

आमच्या मठाची एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दर गुरुवारी बुवांची पाद्यपूजा होते. पाय धुवायचे, पुसायचे, आणि दोन्ही अंगठ्यांवर बुक्का लावायचा. मग एकेकानं यायचं, अंगठ्याला कपाळ लावायचं, तिथलाच काळा बुक्का बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळावर टेकवायचा. गेली दोन-तीन वर्षं बुक्का फार दाट लावतात. इतका, की अंगठा काळाच दिसतो. मधल्या दिवसांतही कुणी ना कुणी येऊन लावून जातं.

"बुक्का आहे, महाराज. पुसून घेतो."

"पूस."

डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं. अंगठा वरून पुसला, खालून पुसला. बोळा काळा झाला.

दुसरा बोळा राखाडी निघाला.

तिसरा पांढरा निघाला. पण अंगठ्याच्या पोटावर, नखाच्या कडेपर्यंत चढलेला, आठ आण्याच्या नाण्याएवढा काळा भाग तसाच राहिला.

"मुरलाय," डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं लागतोय... कातडीत मुरलाय."

"पूस."

चौथा बोळा. पांढरा.

"पूस."

"महाराज..."

"पूस म्हणतो ना."

पाचवा बोळा पांढरा निघाला, तेव्हा डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी तो बोळा बराच वेळ हातात धरून ठेवला. मग तेलाचा थेंब टाकला आणि भिंग टेकवलं.

पडदा माझ्या बाजूला होता. मला त्या शास्त्रातलं काही कळत नाही, पण शेत कळतं. सरी स्वच्छ होत्या. वरंबे काळे होते.

भोजनशाळेतून वाढप्यांचे आवाज येत होते. 

"आकडा काय म्हणतो?" बुवांनी विचारलं.

"आकड्याची गरज नाही."

"तरी?"

"तुकडा काढून तपासल्याशिवाय पक्कं म्हणता येत नाही, महाराज."

"पण तुला कळलंय."

"...हो."

डॉक्टरांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. दिवसभराचा सगळा शीण एकाच वेळी अंगावर आल्यासारखे ते मागं टेकले. मग म्हणाले, "किती दिवसांचं आहे?"

"तीन वर्षं झाली. आधी तिळाएवढं होतं."

"तीन वर्षं!"

"हळू बोल. बाहेर लोक जेवतायत."

"तीन वर्षं, महाराज? दर गुरुवारी मी इथं होतो! हे यंत्र माझ्याकडं होतं!"

"यंत्र गाडीत असायचं. हातात फुलं असायची."

"मला एक शब्द सांगायचा होतात. एक! मी या पायावर कपाळ ठेवत होतो. इथून, या इथून बुक्का घेऊन मी..."

त्यांचा हात कपाळाकडं गेला. सकाळचा बुक्का अजून तिथं होता. तो पुसावा की राहू द्यावा, हे त्यांना ठरवता येईना. हात तसाच हवेत राहिला. माझ्याही कपाळावर होता. मी खाली बघितलं.

"का नाही सांगितलंत?"

बुवांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"भ्यालो."

"कशाला? मरणाला?"

"मरणाला भ्यालो असतो तर बरं झालं असतं. धावत आलो असतो तुझ्याकडं."

त्यांनी शालीच्या टोकानं काचा पुसल्या.

"रघुनाथ नावाचा माझा गुरुबंधू होता. तू त्याला बघितलं नाहीस. मास्तरांनी बघितलंय."

मी मान हलवली. रघुनाथबुवांचं निरूपण मी ऐकलंय. तसं परत ऐकायला मिळालं नाही.

"आमच्यात जाणता तो. आवाज त्याचा. गुरूंची सेवा त्यानं माझ्या दुप्पट केली. पण तरुणपणी कडबा कापताना त्याच्या दोन बोटांची पेरं गेली होती. आणि इथला जुना नियम आहे, गादीवर बसणारा अव्यंग पाहिजे. अंगात कुठं उणं नको. गुरू गेले तेव्हा पंच बसले. त्यांनी त्याचा हात बघितला, माझे हात बघितले. माझी वीसही बोटं जागेवर होती... गादी मला मिळाली."

"ते कुठं गेले?"

"बार्शीकडं. कुणाच्या तरी शेतावर राहिला. तिथंच गेला. मी एकदाही भेटायला गेलो नाही."

डॉक्टर बुवांच्या बोटांकडं बघत होते.

"तर तो तीळ वाढायला लागला. मला तुझं सगळं पाठ होतं. कसं ओळखायचं, काय करायचं. दर शिबिरात तू तेच सांगतोस. म्हणजे अंगठा जाणार. अंगठा गेला की गादी गेली. मग मी काय केलं असेल?"

समोर पडलेल्या बोळ्यांतला काळा बोळा डॉक्टरांनी उचलला.

"बुक्का मागितला. अंगठ्यावर दाट लावत जा म्हणालो. तुम्ही म्हणालात, महाराजांची आज्ञा. लावलात. धुतल्यावर काळं राहिलं तरी म्हणालात, बुक्का मुरलाय."

मला आठवलं. निरोप मीच सेवेकऱ्यांना दिला होता. वर त्याचा अर्थही सांगितला होता, आपल्या मनानं, चांगला रंगवून. ते ऐकून लोकांनी माना डोलावल्या होत्या.

"एकतीस वर्षं सांगत आलो, देह म्हणजे तू नव्हेस," बुवा म्हणाले. "हजारो लोकांना सांगितलं. आणि एका अंगठ्यापायी..."



डॉक्टर उठून जवळ आले. आता त्यांच्यातला शिष्य बाजूला झाला होता आणि दवाखान्यातला माणूस पुढं आला होता. त्यांनी धोतरावरूनच जांघ चाचपली. एकदा, परत एकदा, नीट.

"गाठ लागत नाही. निदान हाताला तरी लागत नाही. रोग वर पसरला नसावा. अजून आशा आहे, महाराज. पण आता एक दिवस घालवायचा नाही. उद्या सकाळी लातूर. तुकडा काढू, बाकीच्या तपासण्या करू, आणि अंगठा..."

"उद्या गुरुवार."

"हो, उद्या गुरुवार. पाद्यपूजेला पाचशे माणसं येतील. आली तर आली."

"म्हणून म्हणतो, आत्ताच निघू."

डॉक्टर बघतच राहिले. त्यांना वाटलं होतं, बुवा नाही म्हणतील. मलाही तसंच वाटलं होतं.

"आणि गादी?" मी न राहवून विचारलं.

"अहो मास्तर, गादीचं काय," डॉक्टर घाईनं म्हणाले. "नियम माणसांनीच केलाय. विश्वस्तांशी मी बोलतो. नाहीतर दुसरंही करता येईल. रबराचा अंगठा बसवून मिळतो, हुबेहूब. वर बुक्का लावला की कुणाला..."

ते मधेच थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

"परत झाकायचं?" बुवांनी विचारलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"आज तुला यादी का विचारली, माहीत आहे? मला वाटलं होतं, निदान आज तू येशील. भिंग घेऊन येशील आणि म्हणशील, महाराज, पाय दाखवा. सकाळपासून वाट बघितली. एकेक माणूस आत जात होतं, बाहेर येत होतं. मी इथं बसून होतो. गड्याचे पाय बघून झाले, राखणदाराचे झाले... मला त्यांचा हेवा वाटला रे."

 बुवांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"माझी चूक आहे," डॉक्टर म्हणाले. "सगळी माझी."

"अर्धी तुझी. अर्धी माझी. वाद घालू नकोस, मी दमलोय."

"महाराज..."

"खरंच दमलोय. एकतीस वर्षं पाय पुढं करून बसलोय. लोक येतात, डोकं ठेवतात, जातात. कुणाचं पोर आजारी, कुणाची सून नांदत नाही, कुणाचा जीव घाबरतो. सगळं या अंगठ्यावर ठेवून मोकळे होतात. मी कुठं ठेवायचं?"

 

बुवांनी वही माझ्यासमोर सरकवली.

"नाव लिहा, मास्तर."

मी पेन उघडलं. "परमपूज्य..."

"ते नको. बाकीच्यांचं लिहिलंत तसं लिहा."

मी लिहिलं. दोनशे पंधरा. गंगाधर. वय एक्काहत्तर. उजव्या पायाचा अंगठा. अक्षर वाकडं आलं. शाळेत पोरांना वाकड्या अक्षरासाठी मी छडी मारली आहे.

डॉक्टरांनी फोटोला तोच क्रमांक दिला. लातूरला फोन करून खाट अडवायला सांगितलं, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना निरोप ठेवला. गाडी मागच्या दारात आणायला सांगितली. मग भिंग पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटीची कडी लावली.

आता करायचं काही उरलं नव्हतं. तेव्हा त्यांना रडू आलं. चाळिशी ओलांडलेला, तालेवार माणूस, पण हुंदके आवरेनात. ते गुडघ्यांवर बसले. पुसलेला, काळा, उघडा अंगठा समोर चौरंगावर होता. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि कपाळ खाली नेलं.

बुवांनी पाय काढून घेतला.

कपाळ रिकाम्या चौरंगावर टेकलं. डॉक्टरांनी दचकून डोळे उघडले.

बुवांनी शाल आणखी बाजूला केली, आणि डावा पाय उचलून चौरंगावर ठेवला. त्याच्याही अंगठ्यावर दाट बुक्का होता.

"पेटी उघड," ते म्हणाले. "दुसरा पाय बघितला नाहीस अजून."